सीबीडी पहिल्यांदाच घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे. सीबीडीबद्दल मला जे प्रश्न विचारले जातात ते बहुतेक तेच ते असतात, आणि विचारणाऱ्याच्या हातात बाटली आधीच आलेली असते. खरं तर हे प्रश्न बाटली घेण्याआधीचे आहेत, म्हणून ते इथे एकत्र मांडले आहेत. सीबीडी घ्याच किंवा घेऊच नका, असं मी सांगणार नाही. पण घ्यायचं ठरलं तर तीन गोष्टी समोर हव्यात: मिलिग्रॅमचा आकडा, त्या बाटलीच्या बॅचचा प्रयोगशाळेतला अहवाल आणि तुमच्या चालू औषधांची यादी. जाहिरातीतली आश्वासनं त्यानंतर वाचली तरी चालतील.

सीबीडी म्हणजे नेमकं काय?

सीबीडी हे कॅनाबिडिऑल या रसायनाचं छोटं नाव. गांजा, भांग आणि हेम्प (नशा आणणारं रसायन अगदी कमी असलेला प्रकार) ज्या रोपापासून मिळतात, त्याच कॅनाबिसच्या रोपात ते तयार होतं. या रोपात अशी शंभरहून जास्त रसायनं असतात. त्यांतली दोन सगळ्यांत प्रसिद्ध: एक टीएचसी, जिच्यामुळे नशा होते, आणि दुसरं सीबीडी, ज्यामुळे ती होत नाही.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स यांनी १९४० मध्ये सीबीडी वेगळं काढलं. त्याची नेमकी रचना मात्र १९६३ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम यांच्या गटाने उलगडली, आणि पुढच्याच वर्षी टीएचसीची. म्हणजे रसायन जुनंच आहे, दुकानातली गर्दी तेवढी नवी.

शरीरात ते काम कसं करतं?

आपल्या शरीरात कॅनाबिसशी मिळतीजुळती रसायनं आपोआप तयार होतात. १९९२ मध्ये मेंदूत असं पहिलं रसायन सापडलं, तेव्हा त्याला नाव दिलं ॲनँडामाइड. हे नाव संस्कृतमधल्या ‘आनंद’ या शब्दावरून घेतलंय. ही रसायनं पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांना (म्हणजे रसायन पकडणाऱ्या जागांना, रिसेप्टरना) जाऊन चिकटतात, आणि वेदना, भूक, झोप, मनःस्थिती यांवर त्यांचा परिणाम होतो.

टीएचसी मेंदूतल्या सीबी-१ या ग्राहकाला थेट पकडते, म्हणून डोकं गरगरतं. सीबीडी त्याला फारसं चिकटत नाही. ते सेरोटोनिनच्या एका ग्राहकावर, वेदना आणि उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकावर आणि आणखी काही ठिकाणी थोडं थोडं काम करतं. एकच ठरावीक बटण नसल्यामुळेच सीबीडीबद्दल ‘हे सगळ्यावर चालतं’ असा दावा करणं सोपं जातं. तो दावा खरा मानू नका.

नशा होते का? सवय लागते का?

शुद्ध सीबीडीने नशा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये आढावा घेतला, तेव्हा माणसांमध्ये त्याचा गैरवापर होण्याची किंवा सवय लागण्याची चिन्हं त्यांना दिसली नाहीत. झोप मात्र येऊ शकते, आणि झोपाळलेल्या माणसाने गाडी चालवू नये.

एक सावधगिरी सांगतो. बाजारात ‘डेल्टा-८’ नावाचा प्रकार सीबीडीच्याच शेजारी ठेवलेला असतो. तो बहुतेक वेळा सीबीडीपासूनच प्रयोगशाळेत बनवतात, पण तो टीएचसीचा भाऊबंद आहे आणि त्याने नशा होते. डबी सारखी, रंग सारखा, फक्त बारीक अक्षरांतला एक शब्द वेगळा. तो शब्द शोधूनच डबी उचला.

हेम्प सीड ऑइल आणि सीबीडी ऑइल एकच ना?

नाही. सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. हेम्प सीड ऑइल बियांपासून काढलेलं असतं. तीळ किंवा जवसाच्या तेलासारखं ते स्वयंपाकात वापरायचं तेल आहे, त्यात सीबीडी जवळजवळ नसतंच. सीबीडी रोपाच्या फुलांतून आणि पानांतून मिळतं. बाटलीवर ‘हेम्प ऑइल’ मोठ्या अक्षरांत असेल आणि सीबीडी किती मिलिग्रॅम हे कुठेच नसेल, तर ते बियांचं तेल समजून बाजूला ठेवा. हिरवं पान छापलं म्हणून बियांच्या तेलात सीबीडी येत नाही.

फुल स्पेक्ट्रम, ब्रॉड स्पेक्ट्रम, आयसोलेट यांत घ्यायचं कुठलं?

फुल स्पेक्ट्रममध्ये सीबीडीबरोबर रोपातली बाकीची रसायनं असतात, थोडी टीएचसीसुद्धा. ब्रॉड स्पेक्ट्रममध्ये बाकीची ठेवून टीएचसी काढून टाकतात, निदान काढल्याचं सांगतात. आयसोलेट म्हणजे फक्त सीबीडी, पांढऱ्या भुकटीच्या रूपात किंवा तेलात विरघळवलेलं.

‘सगळी रसायनं एकत्र असली की गुण जास्त येतो’ हे वाक्य तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. ही कल्पना १९९८ पासून चर्चेत आहे आणि ती अशक्यही नाही, पण माणसांवरचा भक्कम पुरावा अजून फार थोडा आहे. नवख्या माणसाला मी आयसोलेट सुचवतो. कारण साधं आहे: काही जाणवलं तर ते कशामुळे हे कळतं, आणि टीएचसी पोटात जाण्याची शक्यता सगळ्यांत कमी राहते. ज्याच्या नोकरीत लघवीची तपासणी होते, त्याने तर फुल स्पेक्ट्रमच्या वाटेलाच जाऊ नये.

तपासणीत मी पकडला जाईन का?

नोकरीतल्या नेहमीच्या तपासणीत सीबीडी शोधत नाहीत, टीएचसी शरीरात मोडल्यावर जे उरतं ते शोधतात. पण फुल स्पेक्ट्रम रोज घेतलं की ती थोडी थोडी टीएचसी साठत जाते आणि तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. ‘मी फक्त सीबीडी घेतलं होतं’ असं सांगून अहवाल बदलत नाही. खेळाडूंसाठीही तेच: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१८ पासून सीबीडी बंदीच्या यादीतून काढलं, बाकीची कॅनाबिस रसायनं मात्र स्पर्धेच्या काळात बंदच आहेत.

लेबलवर आधी काय बघायचं?

दोन आकडे: एकूण सीबीडी किती मिलिग्रॅम आणि बाटली किती मिलिलिटरची. समजा, ३० मिलिलिटरच्या बाटलीवर १,००० मिलिग्रॅम लिहिलंय. भागाकार केला की एका मिलिलिटरमध्ये साधारण ३३ मिलिग्रॅम येतं. काही बाटल्यांवर टक्के असतात. ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम, १० टक्के म्हणजे सुमारे १००. गमीच्या (चघळायच्या गोड गोळ्यांच्या) डबीवर एका गोळीतलं प्रमाण आहे की सगळ्या डबीचं मिळून, हे नीट पाहा. ‘७५० मिलिग्रॅम’ वाचून लोक दचकतात, आणि ते ३० गमींचं मिळून असतं, म्हणजे एकीत २५.

आता ड्रॉपरबद्दल. ‘एक ड्रॉपर’ म्हणजे एक मिलिलिटर असं सगळे धरून चालतात. मी एकदा घरी एक मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घेऊन मोजून पाहिलं. रबराचा फुगा पूर्ण दाबून सोडला, तरी काचेच्या नळीत तेल चढलं ते ०.७ मिलिलिटर. तेवढ्यात थेंब पडले ३१. म्हणजे माझ्या हिशेबात जे ३३ मिलिग्रॅम होतं, ते प्रत्यक्षात २३ होतं, आणि एका थेंबात पाऊण मिलिग्रॅम. दुसऱ्या बाटलीचा ड्रॉपर वेगळा, तेल पातळ किंवा घट्ट असेल तर थेंबही वेगळा. म्हणून नळीवर खुणा छापलेल्या नसतील तर थेंबांवर विसंबू नका, तशी सिरिंज वापरा.

लेबलवर लिहिलंय तेवढंच आत असतं का?

दुर्दैवाने, खात्री नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं मागवून तपासली. लेबलाशी जुळणारी जेमतेम ३१ टक्के निघाली. सुमारे ४३ टक्क्यांत सांगितल्यापेक्षा जास्त सीबीडी होतं, २६ टक्क्यांत कमी. आणि ८४ पैकी १८ मध्ये टीएचसी सापडली. कमी निघालं तर पैसे जातात, जास्त निघालं तर औषधांशी गाठ पडते, आणि टीएचसी निघाली तर नोकरी किंवा परवाना जाऊ शकतो. म्हणून पुढचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा मानतो.

प्रयोगशाळेचा अहवाल कसा वाचायचा?

चांगला उत्पादक प्रत्येक बॅच बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून घेतो आणि अहवाल सगळ्यांना पाहता येईल असा ठेवतो. बाटलीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की तो उघडायला हवा. उघडला नाही, किंवा उघडून फक्त जाहिरातीचं पान आलं, तर ती बाटली परत ठेवा.

उघडला की पहिली नजर बॅच नंबरवर टाका. बाटलीच्या तळाशी जो छापलाय तोच अहवालावर हवा. दीड-दोन वर्षांपूर्वीचा एकच अहवाल सगळ्या बाटल्यांना चिकटवणारे विक्रेते आहेत, आणि ते असेच पकडले जातात. मग प्रयोगशाळेचं नाव पाहा. ती उत्पादकाची स्वतःची नसावी आणि आयएसओ १७०२५ या मानकाची मान्यता तिच्याकडे असावी.

त्यानंतर आकडे. सीबीडी आणि टीएचसी यांच्या ओळी वेगवेगळ्या असतात. ‘सीबीडीए’ अशीही एक ओळ दिसेल. ते कच्च्या रोपातलं सीबीडीचं आम्लरूप आहे, गरम झाल्यावर त्याचं सीबीडी होतं. म्हणून एकूण सीबीडी काढताना सीबीडीएचा आकडा ०.८७७ ने गुणून मिळवतात. टीएचसीच्या ओळीत ‘एनडी’ असेल तर त्याचा अर्थ ‘आढळली नाही’. पण त्याआधी यंत्र किती कमी प्रमाण पकडू शकतं ते पाहा. भोकं मोठी असलेल्या चाळणीत बारीक खडा सापडत नाहीच.

शेवटी शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांसारखे जड धातू, कीटकनाशकं, बुरशी आणि अर्क काढताना वापरलेल्या द्रावकाचे अवशेष. हेम्पचं रोप जमिनीतले धातू चांगलं शोषून घेतं, त्यामुळे ही पानं वगळलेला अहवाल मला अर्धाच वाटतो.

तेल, कॅप्सूल, गमी, मलम: सुरुवात कशाने करू?

तेलाने करा, कारण त्यात मात्रा थोडीथोडी बदलता येते. जिभेखाली ठेवून एक-दोन मिनिटांनी गिळायचं. चव गवतासारखी, कडसर असते आणि काहींना ती सहन होत नाही. त्यांच्यासाठी कॅप्सूल बरी, तिच्यात मात्रा ठरलेली असते.

गमी खायला सोप्या, आणि तीच त्यांची अडचण. लहान मुलाला ती गोळी-चॉकलेटच वाटते. घरात मूल असेल तर कुलूपबंद ठेवा.

मलमातलं सीबीडी त्वचेच्या वरच्या थरात राहतं, रक्तात फार कमी जातं. त्यामुळे औषधांशी भिडण्याची भीती कमी, पण परिणामही लावला तेवढ्याच जागेपुरता. कित्येक मलमांत मेन्थॉल किंवा कापूर असतो, आणि लावल्याबरोबर जो गारवा किंवा आराम वाटतो तो बहुधा त्यांचाच. घटकांची यादी वाचली की हे लक्षात येतं.

व्हेप (वाफ ओढायचं ई-सिगारेटसारखं उपकरण) मी सुचवत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांना फुप्फुसाचे गंभीर आजार झाले, काही जण दगावले. त्याचा मुख्य संबंध टीएचसीच्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी निघाला. पोटात गेलेलं व्हिटॅमिन ई आणि फुप्फुसात गेलेलं व्हिटॅमिन ई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिभेखाली घ्यायचं तेल व्हेपमध्ये घालणं तर मुळीच नको.

परिणाम किती वेळात जाणवतो?

जिभेखाली तेल ठेवलं तर साधारण पाऊण तासाच्या आत, गिळलेली गमी किंवा कॅप्सूल एक ते दोन तासांनी. ‘अजून काहीच नाही’ म्हणून तासाभरात दुसरी गमी खाण्याची चूक बरेच जण करतात. थांबा.

आणि जेवणाचा इथे मोठा वाटा आहे. सीबीडी पाण्यात नाही, चरबीत विरघळतं. उपाशीपोटी गिळलं तर जेमतेम ६ टक्क्यांच्या आसपास रक्तात पोचतं. औषध म्हणून मान्यता मिळालेल्या सीबीडीच्या माहितीपत्रकात नोंद आहे की तेलातुपाच्या भरपूर जेवणाबरोबर ते घेतलं, तर रक्तातलं एकूण प्रमाण चौपट आणि सर्वोच्च पातळी पाचपट होते. आज उपाशीपोटी, उद्या भरल्यापोटी असं घेतलं तर बाटली तीच, थेंब तेवढेच, आणि शरीराला मिळालेली मात्रा मात्र कितीतरी वेगळी. दोन्ही चालतं, पण एक ठरवा आणि रोज तसंच घ्या.

किती घ्यायचं?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. तरी धरून चालायला काही खुंट्या आहेत. ब्रिटनच्या अन्न प्रमाण संस्थेने निरोगी प्रौढांना आधी दिवसाला ७० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती १० मिलिग्रॅमवर आणली, कारण दीर्घकाळ घेतल्यावर यकृतावर होणाऱ्या परिणामांबद्दलची माहिती पुढे आली. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्वतःहून घेणाऱ्याला मी हाच १० चा आकडा सांगतो.

सुरुवात ५ मिलिग्रॅमने, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी लवकर उठून गाडी चालवायची नसेल अशा दिवशी. आठवडाभर तेवढंच. मग हवं तर १०.

वही ठेवा. एका पानावर तारीख, वेळ, किती मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, आणि ज्या कारणासाठी घेताय त्याला शून्य ते दहापैकी गुण. सीबीडी सुरू करण्याच्या आधीच्या सात दिवसांचेही गुण लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आम्ही सगळेच चांगले दिवस लक्षात ठेवतो आणि मधले विसरतो. वही विसरत नाही.

मग ते खरंच कशावर चालतं?

पक्का पुरावा अपस्माराच्या काही दुर्मिळ, अवघड प्रकारांमध्ये आहे. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एपिडायोलेक्स या शुद्ध सीबीडीच्या औषधाला ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या आजारांतल्या फिट्ससाठी मान्यता दिली, २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारातल्या फिट्ससाठीही. ज्या मुलांच्या फिट्स दोन-तीन औषधांनीही आटोक्यात येत नव्हत्या, त्यांच्यात त्या कमी झाल्या. या रसायनाबद्दल मला आदर वाटतो तो या मुलांमुळे.

पण तिथली मात्रा पाहा. २० किलोच्या मुलाला दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, यकृताच्या तपासण्या करत. ४०० मिलिग्रॅम म्हणजे २५ च्या १६ गमी. दुकानातल्या डबीवर त्या संशोधनाचा हवाला देणं म्हणजे चमचाभर पाणी देऊन विहिरीचा दाखला देणं.

चिंतेबद्दल थोडी आशा आहे. लोकांसमोर भाषण करायला लावून घेतलेल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, ३०० मिलिग्रॅमने घबराट कमी झाली, १५० ने आणि ६०० ने मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे जास्त घेतलं की जास्त गुण, असंही नाही. चाचणी लहान होती आणि एकदाच घेतलेल्या मात्रेची होती.

झोपेबद्दल निष्कर्ष उलटसुलट आहेत. ‘स्लीप’ लिहिलेल्या डबीत मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) मिसळलेलं असेल, तर झोप कशाने लागली हे तुम्हाला कळणारच नाही. वेदनेच्या बाबतीत २०२४ च्या एका आढाव्यात १६ चाचण्या तपासल्या होत्या, त्यांपैकी १५ मध्ये सीबीडी प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या, फक्त दिसायला तशाच मात्रेपेक्षा) सरस ठरलं नाही. गुडघेदुखीसाठी विचारायला येणाऱ्यांना हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण दुखणं खरं असतं. पण सांगतो.

कॅन्सर बरा होतो असं कुठे वाचलं असेल तर त्यावर विसंबून उपचार सोडू नका. एक दिवसही नाही.

मी आधीच औषधं घेतोय. चालेल ना? नैसर्गिकच आहे.

एक गृहस्थ एका हातात गमीची डबी आणि दुसऱ्या हातात वॉर्फरिनची स्ट्रिप घेऊन माझ्यापुढे उभे होते. वॉर्फरिन म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी. ‘हे नैसर्गिक आहे, त्यामुळे विचारायची गरज नाही ना?’ असं त्यांनी विचारलं. विचारलं, म्हणून बरं झालं.

यकृतातली जी विकरं (एन्झाइम) वॉर्फरिन मोडून शरीराबाहेर घालवायला मदत करतात, त्यांना सीबीडी अडवू शकतं. गोळी तीच, पण ती रक्तात जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहते. रक्त जास्त पातळ होतं, आणि नाकातून रक्त येणं, हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग पडणं इथपासून पुढे कुठेही गोष्ट जाऊ शकते. मी त्यांना डॉक्टरांशी बोलेपर्यंत डबी उघडू नका म्हटलं, आणि रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) कधी करायची ते विचारून यायला सांगितलं.

हीच अडचण इतर औषधांतही आहे. क्लोबाझाम या फिट्सच्या औषधाबरोबर घेतलं तर त्याचं एक कार्यशील रूप रक्तात खूप वाढतं आणि माणूस सुस्तावतो. व्हॅल्प्रोएट या फिट्सच्याच दुसऱ्या औषधाबरोबर रक्तात यकृताची विकरं वाढण्याचा, म्हणजे यकृतावर ताण येण्याचा, धोका जास्त. अवयव प्रत्यारोपणानंतर जे टॅक्रोलिमस घ्यावं लागतं त्याची पातळी वाढू शकते. झोपेच्या गोळ्या, मद्य, गुंगी आणणारी कुठलीही औषधं सीबीडीबरोबर घेतली की गुंगी वाढते.

घरी करता येणारी एक साधी गोष्ट: तुमच्या औषधाच्या माहितीपत्रकात ‘ग्रेपफ्रूट खाऊ नये’ असं लिहिलंय का पाहा. त्या फळामुळे अडणारी औषध मोडण्याची वाट आणि सीबीडीची वाट बरीचशी एकच आहे. ती सूचना असेल तर विचारल्याशिवाय सीबीडी नाही. सूचना नसली तरी यादी घेऊन डॉक्टरांकडे किंवा फार्मासिस्टकडे जाच, कारण औषधं मोडण्याच्या इतरही वाटा आहेत.

दुष्परिणाम कोणते?

सुस्ती, जुलाब, भूक मंदावणं, तोंड कोरडं पडणं, थकवा. बहुतेक मात्रा कमी केली की जातात. मोठ्या मात्रेत यकृताची विकरं वाढतात. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, सतत मळमळ यांपैकी काही दिसलं तर बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कोणी घेऊच नये?

गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, यकृताचा आजार असलेले, आणि डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलेलं नसेल तर लहान मुलं. मूल होण्यासाठी प्रयत्न करत असाल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा, प्राण्यांवरच्या अभ्यासांत पुरुष प्रजननक्षमतेवर परिणाम दिसले आहेत.

कुत्र्या-मांजराला देऊ का?

माणसांची गमी तर अजिबात नको. तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) किंवा चॉकलेट असू शकतं आणि दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. टीएचसीही कुत्र्यांना फार लवकर बाधते. पशुवैद्याला विचारा.

प्रवासात सोबत नेता येईल का?

ज्या देशात विकत घेतलं तिथे कायदेशीर होतं म्हणून उतरल्यावरही असेल असं नाही. अमेरिकेत २०१८ च्या कृषी कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेलं हेम्प अमली पदार्थांच्या यादीतून काढलं. स्वित्झर्लंडची मर्यादा १ टक्का. जपानने डिसेंबर २०२४ पासून तेलातली टीएचसी दहा लाख भागांत १० भाग इतकी खाली आणली, म्हणजे स्वित्झर्लंडच्या मर्यादेच्या हजाराव्या हिश्शावर. हाँगकाँगमध्ये तर १ फेब्रुवारी २०२३ पासून सीबीडीच घातक अमली पदार्थांत मोडतं. नुसतं जवळ बाळगलं तरी ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याआधी तिथे सीबीडी घातलेली पेयं उघडपणे विकली जात होती.

विमान बदलायला जिथे तीन तास थांबणार, तिथलाही कायदा तुम्हाला लागू होतो. शंका असेल तर बाटली घरी ठेवा.

बाटली कुठे ठेवायची?

उजेड आणि उष्णता सीबीडी खराब करतात, म्हणून काच गडद असते. कपाटात, झाकण घट्ट लावून. तेलाला खवट वास आला तर टाकून द्या. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेवली तर पुढे प्रश्न पडत नाही.

महिना झाला, काहीच फरक नाही. वाढवू का?

आधी वही उघडा. सुरुवातीच्या सात दिवसांचे गुण आणि आताचे गुण शेजारी शेजारी ठेवा. खरंच फरक नसेल तर तुमच्यासाठी ते चालत नाही, हेही एक उत्तर आहे, आणि महिनाभराच्या खर्चात मिळालेलं उत्तर वर्षभराच्या खर्चापेक्षा स्वस्त. स्वतःहून १० च्या वर जाऊ नका. वाढवण्याचं काही वैद्यकीय कारण असेल तर ते डॉक्टर ठरवतील आणि त्याबरोबर यकृताच्या तपासण्याही सांगतील.

अचानक बंद केलं तर त्रास होतो का?

थोडी मात्रा घेणाऱ्या निरोगी माणसाला सहसा नाही. अपस्मारासाठी डॉक्टरांनी दिलेलं सीबीडी मात्र कधीही एकदम थांबवायचं नाही, फिट्स वाढू शकतात. ते हळूहळू कमी करतात.

आणि एक बाजू लोक विसरतात. डॉक्टरांनी सीबीडी लक्षात घेऊन तुमच्या दुसऱ्या औषधाची मात्रा कमी केली असेल आणि तुम्ही न सांगता सीबीडी सोडलंत, तर यकृत ते औषध पुन्हा पूर्वीच्या वेगाने मोडू लागतं आणि कमी केलेली मात्रा अपुरी पडते. सीबीडी शरीरात काही दिवस रेंगाळतं, त्यामुळे हा बदल त्याच दिवशी दिसत नाही, आठवडा-दोन आठवड्यांत दिसतो. म्हणून सुरू करताना जसं सांगितलंत, तसं बंद करतानाही फोन करून तारीख कळवा.